यंत्र मेले, परवाना कुठे गेला?



माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा लहानसा छापखाना आहे. त्यांच्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला, तेव्हा त्यांनी नवा संगणक विंडोजशिवाय घेतला. जुन्या यंत्राबरोबर विंडोजचे पैसे दिलेच आहेत, तेच इकडे आणू, असा त्यांचा हिशेब. दुरुस्ती करणारा मुलगा म्हणाला, “काका, ते इकडे येत नाही.” त्यांनी मला विचारले, “पैसे मी दिले, पावती माझ्या नावाची. मग वस्तू माझी कशी नाही?” हा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

खेड्यातून आलेल्यांना एक दाखला चटकन पटेल. आपल्या शेताला शेजाऱ्याच्या रानातून वाटेचा हक्क असतो. शेत विकले की तो हक्क नव्या मालकाकडे जातो. पण आपण दुसऱ्या गावी जमीन घेतली, तर ती वाट गुंडाळून नेता येत नाही. हक्क माणसाचा नव्हे, जमिनीचा. कारखान्यातच बसवून दिलेल्या विंडोजचा, म्हणजे व्यापारी ज्याला ओईएम म्हणतात त्याचा, परवाना असाच आहे. तो संगणकाबरोबर विकता येतो, संगणकापासून तोडता येत नाही. दुकानातून सुटा घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो.

कोणी म्हणेल, स्वस्त मिळाले त्याची ही किंमत. त्यात तथ्य आहे. पण जमीन हलत नाही म्हणून वाट तिला चिकटते. सॉफ्टवेअर तर हलते! येथली गाठ निसर्गाची नव्हे, कराराची आहे, आणि कराराच्या गाठी न्यायालये तपासू शकतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ठरविले, की कायमच्या वापराचा हक्क मोबदला घेऊन दिला, तर ती विक्रीच; मग घेणाऱ्याने आपली प्रत निकामी करून ती दुसऱ्याला विकावी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असे म्हटले. पण तो निकाल विक्रीकराचा होता. कर घेताना माल, आणि ग्राहकाने उचलू म्हटले की नुसती परवानगी! ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

तोवर आपण काय करावे? विकत घेतानाच परवाना कोणत्या जातीचा ते विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. बिघडलेला मदरबोर्ड कारखानदाराने हमीनुसार बदलून दिला तर परवाना टिकतो. म्हणून यंत्र मोडीत काढण्याआधी तेथे चौकशी करावी. आणि चोरटी प्रत वापरू नये. हक्काचे भांडण चोरीने दुबळे होते.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, “तुम्ही वाट विकत घेतली नव्हती, वाट असलेले शेत घेतले होते.” ते हसले, पण समाधानी झाले नाहीत. त्यांचे ते असमाधान मला योग्य वाटते.