नाकतोडा ओळखा, मगच फवारा

नाकतोडा दिसला की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी त्याचे डोके पाहा. शंकूसारखे निमुळते असेल तर तो बहुधा पायर्गोमॉर्फिडी कुळातला. या कुळातला रुईवरचा पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा दिसायला मोठा देखणा. रुई असेतो तो पिकाकडे सहसा वळत नाही; त्याच्यावर औषध वाया घालवू नका. दुसरा हिरवा, टोकदार. भाजीपाल्याची पाने खातो. खरा धोका तिसऱ्याचा. हा मातकट, बुटका, ढेकळात ढेकूळ होऊन बसतो अन् ज्वारी-हरभऱ्याचे कोवळे मोड कुरतडतो. मग दुबार पेरणीची पाळी! त्याची अंडी जमिनीत पुंजक्याने असतात. उन्हाळी नांगरट केली की ती वर येऊन वाळतात, साळुंख्याही टिपतात. उगवणीनंतर आठवडाभर सकाळी बांधालगतच्या ओळी वाकून पाहा.