धनु राशींतील भग्न दीर्घिका



अलिबागेच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्रीं उभें राहिलें असतां खांदेरी बेटावरील दीपस्तंभाची उघडझाप दिसते. १८६७ सालीं उभारलेल्या ह्या दीपस्तंभाचा ताल खलाशांच्या परिचयाचा असतो; तालावरून दिवा कोणता तें कळतें. दिवा ओळखला आणि त्याचें मूळ तेज ठाऊक असलें, म्हणजे तो किती मंद दिसतो ह्यावरून अंतराचा अदमास करतां येतो. ह्याच युक्तीनें ज्योतिर्विदांनीं आपल्या आकाशगंगेनें मोडून टाकलेल्या एका लहान दीर्घिकेचे अवशेष शोधून काढले आहेत.

आकाशांतील हे दिवे म्हणजे रूपविकारी तारे. त्यांपैकीं एक जात स्वरमंडळांतील ‘आर. आर. लायरी’ ह्या ताऱ्याच्या नांवानें ओळखली जाते. हा तारा सुमारे १३ तास ३६ मिनिटांत एकदां तेजस्वी होऊन पुन्हां मंदावतो. त्याच्या बाह्य थरांतील हेलियम वायु उष्णता कोंडून धरतो, तेव्हां थर फुगतो. फुगून निवला कीं उष्णता निसटते व थर पुन्हां खालीं बसतो. ह्या जातीच्या ताऱ्यांचें सरासरी तेज सूर्याच्या चाळीस ते पन्नास पट, म्हणजे जवळजवळ सारखेंच असतें. म्हणून त्यांतील एक तारा दुसऱ्याच्या चतुर्थांशानें तेजस्वी दिसला, तर तो सुमारे दुप्पट दूर आहे असें समजावें.

आश्विन-कार्तिकांत तिन्हीसांज उलटल्यावर नैर्ऋत्येकडे धनु राशि दिसते. त्या दिशेस, आकाशगंगेच्या मध्याच्याहि पलीकडे, आपल्यापासून सुमारे ८०,००० प्रकाशवर्षांवर ही खुजी दीर्घिका आहे. मधल्या ताऱ्यांच्या व धुळीच्या दाटीमुळें ती १९९४ पर्यंत कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. त्या वर्षीं इबाटा, गिलमोर व आयर्विन ह्या संशोधकांना ताऱ्यांच्या गति मोजतांना एक समूह वेगळ्याच वेगानें चाललेला आढळला. मेसियेनें १७७८ सालीं पाहिलेला ‘मेसिये ५४’ हा तारकागुच्छ ह्याच दीर्घिकेच्या गाभ्यांत आहे, हें तेव्हां उमगलें!

ती मोडली कशानें? भरतीओहोटीच्या नियमानें. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूस अधिक व दूरच्या बाजूस कमी असते. ह्या फरकानें समुद्र ताणला जातो, आणि म्हणूनच ओहोटीच्या वेळीं कुलाबा किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें. आकाशगंगेची ओढहि त्या दीर्घिकेवर अशीच विषम पडते. तिचे तारे सुटून कांहीं पुढें धांवतात, कांहीं मागें रेंगाळतात, व त्यांचे दोन लांब प्रवाह बनतात.

हे प्रवाह ओळखावे कसे? छायाचित्रांत जवळचा मंद तारा व दूरचा तेजस्वी तारा सारखेच दिसतात. येथें रूपविकारी तारे कामास येतात. २००० सालीं स्लोन आकाश-सर्वेक्षणांत सुमारे दीड लक्ष प्रकाशवर्षांवर अशा ताऱ्यांचा अनपेक्षित पुंजका सांपडला. तो ह्या प्रवाहाचाच भाग ठरला. पुढें हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या वेधांवरून प्रवाहाचा एक फांटा तीन लक्ष प्रकाशवर्षांपलीकडे गेल्याचें २०१७ सालीं निदर्शनास आलें. गाया यानाच्या २०२२ च्या सूचींत ह्या जातीचे अडीच लक्षांहून अधिक तारे आहेत.

ह्या खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रवाह किती दूर जातो व कोठें वळतो, हें आकाशगंगेच्या एकूण वस्तुमानावर अवलंबून असतें. त्या वस्तुमानाचा फार मोठा भाग प्रकाश देत नाहीं; तो केवळ त्याच्या ओढीवरूनच तोलावा लागतो. तारकाप्रवाह हा त्यासाठीं हातीं आलेला एक उत्तम तराजू आहे. दुसरें असें कीं, आकाशगंगा एकदांच घडून स्थिर झालेली नाहीं. शेजारच्या लहान दीर्घिका पोटांत घेऊन ती वाढली आहे, आणि धनु राशीच्या दिशेस तें कार्य अद्यापि चालूंच आहे.