दिवस गेले, आणि गोळ्या चालू आहेत



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी भूकंपाने हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव दमून झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंतींखाली परिसरातली हजारो माणसं गेली, त्यांत लेकरंही होती. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी आयांनी नंतर गर्भनलिका पुन्हा जोडून घेतल्या. पोटात नवं बाळ, उरावर गेलेल्याचं दुःख. गरोदर बाई म्हणजे आनंदीच असणार, हा आपला समज किती पोकळ, हे या भागाला सांगायला नको.

तरीही आज नैराश्यावर उपचार चालू असलेल्या सुनेला दिवस गेले, की घरातून पहिला हुकूम निघतो, “त्या डोक्याच्या गोळ्या आधी बंद कर.” हेतू चांगला, सल्ला घातक.

गोळ्यांचा धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पॅरोक्सेटिन पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास बाळाच्या हृदयातल्या दोषाची शक्यता थोडी वाढते, म्हणून ते शक्यतो टाळतात. शेवटच्या महिन्यांत अशा गोळ्या चालू असल्या तर काही बाळं जन्मल्यावर थरथरतात, किरकिरतात, नीट अंगावर पीत नाहीत. बहुधा काही दिवसांत ती सावरतात. फुफ्फुसातल्या रक्तदाबाचा एक गंभीर आजार हजारात दोन बाळांना होतो, तो अशा वेळी तिघांना होऊ शकतो. सर्ट्रालिनचा अनुभव मोठा आहे, त्यामुळे डॉक्टर बरेचदा तेच निवडतात. मात्र मूडसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना गाठा. ते औषध बाळाला खरोखर बाधतं.

आता दुसरी बाजू. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, गरोदरपणी गोळ्या सोडलेल्या 100 पैकी 68 जणींचं नैराश्य उलटलं. चालू ठेवलेल्यांत 26 जणींचं. उलटलेल्या आजारात बाई जेवत नाही, तपासणीला जात नाही, बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची भीती वाढते. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचारही येतो. सौम्य आजारात समुपदेशनावर भागतं. जुना, तीव्र आजार असेल तर गोळ्याच लागतात.

तेव्हा सासूबाई, रागावू नका, सुनेला गोळ्यांच्या पाकिटांसकट डॉक्टरांकडे न्या. आशाताईंनो, लोहाच्या गोळ्यांबरोबर तिच्या झोपेचीही चौकशी करा. जवळ डॉक्टर नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.