लोणारचा खार आणि जालक ऊर्जा

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस रस्त्याने सुमारे १५० किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात असलेले लोणारचे सरोवर बेसॉल्ट खडकात अशनीपाताने झालेल्या विवरात साठले आहे. त्यातून बाहेर वाहणारा प्रवाह नसल्यामुळे पाणी मुख्यतः वाफ होऊन जाते आणि त्याने आणलेले क्षार मागे राहतात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील खार काढला जाई आणि दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांनी त्याचे प्रकार ओळखले जात. या खारात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व क्लोराइड यांचेच प्राबल्य असते. बेसॉल्टमध्ये कॅल्शियमही विपुल असताना ते या पाण्यात का टिकत नाही, याचे उत्तर क्षारांच्या विद्राव्यतेत सापडते.

आयनिक क्षाराच्या स्फटिकात धन व ऋण आयन परस्पर आकर्षणाने ठरावीक मांडणीत बांधलेले असतात. या मांडणीला जालक म्हणतात, आणि एक मोल क्षाराचे जालक मोडून आयन परस्परांपासून पूर्ण विलग करण्यास लागणारी ऊर्जा ही जालक ऊर्जा होय. मिठाच्या बाबतीत ती सुमारे ७८७ किलोज्यूल आहे. सुट्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होताना जी ऊर्जा बाहेर पडते, ती जलयोजन ऊर्जा. मिठासाठी ती सुमारे ७८३ किलोज्यूल भरते. या दोन मोठ्या रकमांच्या जमाखर्चात जी सुमारे ४ किलोज्यूलची तूट राहते, तीच मिठाची द्रावण-उष्णता होय, आणि ती पाण्यातूनच घेतली जात असल्याने मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होते. तूट असूनही मीठ विरघळते, कारण आयन मोकळे झाल्याने व्यवस्थेतील विस्कळीतपणा, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढते.

कॅल्शियम कार्बोनेटचे वागणे याच्या उलट आहे. त्याच्या दोन्ही आयनांवर दुहेरी प्रभार असल्याने जालक ऊर्जा मिठाच्या तिपटीहून अधिक आहे. तरीही जलयोजनात ती सारी भरून निघते आणि विरघळताना थोडी उष्णता बाहेरच पडते. असे असूनही १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात ते जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम विरघळते, कारण दुहेरी प्रभाराचे आयन भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना इतके जखडून ठेवतात की एन्ट्रॉपी घटते. म्हणूनच पाणी आटू लागताच कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत आधी तळाशी बसते आणि सोडियमचे क्षार द्रावणात साचत जातात.

द्रावण-उष्णतेवरून तापमानाचा परिणाम मात्र नेमका कळतो. मिठाची ही उष्णता अल्प असल्यामुळे १०० ग्रॅम पाण्यात ते ० अंशाला सुमारे ३६ ग्रॅम आणि १०० अंशाला सुमारे ३९ ग्रॅम विरघळते. याउलट स्फटिकजलासह असलेला धुण्याचा सोडा विरघळताना बरीच उष्णता शोषून घेतो, म्हणून सोडियम कार्बोनेटचे हे प्रमाण ० अंशाला ७ ग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे ४० ग्रॅम असते. कॅल्शियम कार्बोनेट उष्णता देत विरघळते, त्यामुळे तापलेल्या पाण्यात त्याची विद्राव्यता आणखी घटते. त्यातच कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो.

तात्पर्य, जालक ऊर्जा जास्त म्हणून क्षार अविद्राव्य, हा सोपा नियम अपुरा आहे. रसायनशास्त्राच्या वर्गात जालक ऊर्जेच्या कोष्टकाशेजारी जलयोजन ऊर्जा आणि एन्ट्रॉपी यांचेही रकाने मांडले जावेत.