ध्वनी आणि व्यंजना : ‘एम’चा पहिला प्रसंग



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने एखाद्या ग्रंथावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र एका जर्मन गुन्हेपटाच्या केवळ पहिल्या काही मिनिटांविषयी बोलणार आहे. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा चित्रपट मे १९३१ मध्ये बर्लिन येथे प्रथम दाखविला गेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ झळकला होता. आपल्या चित्रपटाला वाचा फुटली ती गाण्यांसह. लांग यांचाही हा पहिलाच बोलपट. पण त्यांनी पार्श्वसंगीत मुळी घेतलेच नाही. हाती आलेला आवाज त्यांनी कृपणाच्या धनासारखा जपून वापरला.

आरंभी पडदा काळा आहे. दिसत काहीच नाही आणि एका मुलीचा आवाज ऐकू येतो. मग इमारतीचे अंगण वरून दिसते. मुलांचे रिंगण, मध्ये एक मुलगी. आपल्याकडच्या अडम-तडमसारखे गाणे म्हणत ती एकेकाला बाद करीत आहे. मात्र गाणे आहे मुलांना मारणाऱ्या माणसाचे. वरच्या मजल्यावरची बाई रागावते, गाणे थांबते. तिची पाठ वळताच पुन्हा सुरू होते. ती जिना चढून एल्सीच्या आईकडे गाऱ्हाणे नेते. धुणे धुणारी ती माउली सांगते, मुलांचे गाणे कानी येते तोवर ती आहेत एवढे तरी कळते. पुढच्या साऱ्या प्रसंगाची किल्ली या साध्या उद्गारात आहे.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वनी’ हा शब्द काव्यातील सूचित अर्थासाठी योजिला. बोलपटाच्या संदर्भात त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हा योग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे.

बाराचे ठोके पडतात. शाळा सुटते. एल्सी चेंडू आपटीत येते आणि जाहिरातींच्या खांबाशी थांबते. खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास १०,००० मार्कांच्या बक्षिसाची सूचना आहे. त्याच कागदावर एका पुरुषाची सावली पडते. ती सावली चेंडूचे कौतुक करते, मुलीला नाव विचारते. खुन्याचा चेहरा आपण पाहत नाही. तो आंधळ्या विक्रेत्याकडून तिला फुगा घेऊन देतो आणि शीळ घालतो. धून ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची आहे.

इकडे आई ताट मांडून वाट पाहते. जिन्यात पावले वाजतात. ती दुसऱ्या मुलांची. घंटा वाजते, दारात रहस्यकथामालेचा नवा भाग विकणारा माणूस. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजार-काळापहाडमागे ज्यांच्या दुपारी गेल्या, त्यांना (आणि त्यांत मीही आलो) येथे थोडे अवघडल्यासारखे व्हावे. मुलीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईच्या हाती थरारक कथेचे पुढचे प्रकरण ठेवले जाते!

मग ती हाक मारते. एकदा, दोनदा, पुनःपुन्हा. हाकेवर लांग दाखवितात ती केवळ रिकामी स्थळे: जिना, कपडे वाळत घातलेला माळा, टेबलावरचे न वापरलेले ताट. पुढची दोन चित्रे निःशब्द आहेत. झुडपांतून चेंडू घरंगळत येतो. फुगा तारांत अडकतो आणि वाऱ्याने सुटून जातो.

काही समीक्षक याला तंत्राचे चातुर्य म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. पुढे आलेल्या कितीएक गुन्हेपटांनी बळीचे शरीर खुशाल पडद्यावर मांडले. ते पाहताना आपण नकळत खुन्याच्या जागी उभे राहतो. येथे दिग्दर्शक आपल्याला आईच्या जागी उभे करतो. तिला जे दिसले नाही ते आपल्यालाही दिसत नाही. मुलीची अप्रतिष्ठा होत नाही आणि भय मात्र तसूभरही उणावत नाही. शाळेच्या सभागृहात हा विषय घेण्याचे धैर्य मी केले, ते एवढ्याचसाठी.

ती शीळ मात्र वाया जात नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात तोच आंधळा फुगेवाला ती पुन्हा ऐकतो आणि खुन्याला ओळखतो. साऱ्या शहराच्या पोलिसांना जो दिसत नव्हता, त्याचा माग एका कानाने लागतो.