पाहुणी बाहुली



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बाहुल्यांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटले असेल. परंतु दूरदूरच्या माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणे हेच आमचे काम. आणि तेच काम शाळकरी मुलांनी बाहुलीच्या हातून कसे चालवले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रकार साधा आहे. दोन गावांतल्या दोन शाळा जोडी जमवतात. एका वर्गाची बाहुली, चिंध्यांचा हत्ती किंवा नुसती कागदी आकृती टपालाने दुसऱ्या वर्गाकडे पाहुणी म्हणून जाते. तिथली मुले तिला आळीपाळीने घरी नेतात, तिच्या नावाने रोजनिशी लिहितात आणि ठरल्या दिवशी वहीसकट परत धाडतात. कॅनडातील लंडन नावाच्या शहरी डेल ह्यूबर्ट या शिक्षकाने १९९५ साली असाच उपक्रम सुरू केला. जेफ ब्राउन यांच्या १९६४ सालच्या बालपुस्तकातला स्टॅनली अंगावर सूचनाफलक पडून कागदासारखा चपटा होतो आणि लिफाफ्यातून प्रवास करतो. ह्यूबर्ट यांच्या उपक्रमात मुले तसाच कागदी स्टॅनली एकमेकांकडे धाडू लागली आणि पुढे देशोदेशींच्या शाळा त्यात आल्या.

परंतु आज आम्हांला सांगायची आहे ती याहून जुनी आणि याहून मोठी हकीकत.

१९२४ साली अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांना तिथे स्थायिक होण्याचे दार बंद केले. जपानात अनेक वर्षे राहिलेले मिशनरी सिडनी गलिक यांना ते शल्य लागून राहिले. कायदा बदलेना, तेव्हा ते मुलांकडे वळले. १९२७ साली अमेरिकेतील मुलांनी व मोठ्यांनी मिळून बारा हजारांहून अधिक बाहुल्या जपानला पाठवल्या. प्रत्येकीला नाव होते. जवळ पारपत्र होते, पत्र होते. ३ मार्च हा जपानात मुलींचा, बाहुल्यांचा सण. त्या दिवशी तोक्योत त्यांचे स्वागत झाले आणि मग त्या गावोगावच्या शाळांत व बालवाड्यांत गेल्या.

जपानच्या बाजूने पुढाकार घेतला तो शिबुसावा एइइची या वृद्ध उद्योगपतीने. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचे चित्र आले, तेच हे गृहस्थ. उत्तरादाखल त्याच वर्षी ५८ मोठ्या बाहुल्या अमेरिकेस निघाल्या. संख्या थोडी, पण प्रत्येक बाहुली कसबी कारागिराच्या हातची, किमोनो ल्यालेली, आपल्या चहाच्या भांड्यांसह निघालेली. त्यासाठी शाळकरी मुलींनी एकेक सेन दिला होता. सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग. आम्ही वर्गणी गोळा करणारी माणसे. त्या एका सेनची किंमत आम्हांला कळते. एका श्रीमंताने दिलेले हजार आणि हजारांनी दिलेला एकेक, रक्कम सारखीच. पण संघटना उभी राहते ती दुसऱ्या प्रकारातून.

या ५८ बाहुल्या अमेरिकेत शहरोशहरी प्रदर्शनाला फिरल्या, तेव्हा सामान सोडता-बांधताना काहींची अदलाबदल झाली. एका प्रांताची बाहुली दुसऱ्याच प्रांताच्या नावाने संग्रहालयात जाऊन बसली. म्हणून असा उपक्रम चालवणाऱ्यांसाठी पहिला नियम हा, की नाव खोक्यावर लिहून भागत नाही. ते बाहुलीच्या अंगावर शिवलेले हवे.

दुसरा नियम परतीच्या तारखेचा. ती आधी ठरवावी व दोन्ही शिक्षकांनी लिहून घ्यावी. परीक्षेच्या तोंडावर अडकलेली पाहुणी कपाटातच राहते.

तिसरा नियम पाळीचा. बाहुली पटावरच्या क्रमाने घरी जावी, लाडक्या मुलांच्या क्रमाने नव्हे. एका खोलीत सहा माणसे राहतात, त्या घरी पाहुणी न्यायला पोर लाजते. त्याला सांगावे, की बाहुली घर पाहायला आलेली नाही, तुझा दिवस पाहायला आली आहे. ती आईच्या भाजीच्या गाडीवर बसेल. वहीत 'आमचे गाव सुंदर आहे' असे लिहू नये. पाणी किती वाजता येते, ते कोण भरते, शाळेपर्यंत किती चालावे लागते, भाकरी कशाची असते, हे लिहावे. पलीकडच्या वर्गाला हेच वाचायचे असते.

चौथा नियम असा, की पाहुणी दोन्हीकडून निघाली पाहिजे. एकीकडूनच वस्तू गेली तर ती देणगी होते, आणि देणगी घेणाऱ्याची मान खाली जाते. जपानी मुलींनी एकेक सेन दिला, तो ही मान ताठ राहावी म्हणूनच, असे आम्ही समजतो.

आता कोणी विचारील, या साऱ्याने साधले काय? १९४१ साली जपान आणि अमेरिका लढलेच ना? लढले. बाहुल्यांनी युद्ध थांबवले नाही, आणि बाहुल्या युद्ध थांबवतात असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. १९४३ साली त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. त्या जाळाव्यात, मोडाव्यात असा सूर निघाला आणि बहुतेक बाहुल्या नष्ट झाल्या. तरीही तीनशेहून अधिक बाहुल्या जपानात उरल्या. काही ठिकाणी शिक्षकांनीच त्या लपवून ठेवल्या होत्या. युद्धानंतर अडगळीतून त्या बाहेर आल्या.

हिशेब केला तर चाळिसांत एक. सगळे एका बाजूला जात असताना न हलणारी माणसे साधारण इतकीच असतात, हा आमचा संपांतला अनुभव आहे. पण ज्याने बाहुली लपवली, त्याने काही अमेरिकेचा कैवार घेतला नव्हता. आपल्या मुलांनी जिचे स्वागत केले, जिला नावाने हाक मारली, ती पाहुणी त्याच्या दाराशी होती. परक्या देशाविषयी त्याचे काहीही मत असो. या एकीला आगीत टाकायला त्याचा हात धजला नाही. ओळखीचे काम एवढेच असते, आणि ते थोडे नव्हे. गलिक यांच्या नातवाने पुढे १९८० नंतरच्या दशकात जपानी शाळांना नव्या बाहुल्या धाडण्याचा क्रम पुन्हा सुरू केला.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत. एक वर्ग आपल्या शहरातला घ्या, एक डोंगराकडच्या तालुक्यातला. दोन चिंधीच्या बाहुल्या आणि दोन वह्या लागतील. टपालखर्चासाठी प्रत्येक मुलाकडून एकेक रुपया घ्यावा, कमी पडेल ते शिक्षकांनी व आम्ही घालू. परतीची तारीख मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.