मंडळी आपली, निर्णयही आपला

आपल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा त्यांच्या परंपरा निराळ्या. बाप्तिस्मा बाळपणी द्यावा की जाणतेपणी, यावरही मतभेद होते. वाटाघाटी १९२९ पासून, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे चालल्या! माणसे बोलत राहिली, म्हणूनच शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. मला ही चिकाटीच सर्वांत मोठी वाटते.

असेच बोलत राहणे आपल्याकडेही हवे, म्हणून गावातल्या मंडळीचे काम एकट्या पाळकसाहेबांवर टाकू नका. वार्षिक सभेला जा, जमाखर्च विचारा. बाया आणि तरुण पोरं मागच्या रांगेत गप्प बसली असतील, तर त्यांना आधी बोलू द्या.